मामंजींचं वाचन आणि माझी पळी

जानेवारी लागला की मी एक रहस्यकादंबरी वाचायला घेते. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. नातवंडं म्हणतात, आजीचा खून सुरू झाला. सून चहाचा कप आणून ठेवते आणि चार-आठ दिवसांनी विचारते, कोण निघाला हो शेवटी? माणसाला म्हातारपणी एखादं वेड असावं, अशा कौतुकानं सगळे बघतात. त्यांना वाटतं मी मजेत आहे. पहिली वीस-पंचवीस पानं तरी मी मजेत नसते. मला लाज वाटत असते, आणि ती दर वर्षी तेवढीच वाटते.

लग्न होऊन मी परभणीला आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. माझं माहेर गोदावरीच्या पलीकडचं, मुंबई इलाख्यातलं. मी मराठी सातवी पास होते आणि त्याची मला भारी मिजास होती. सासरी आल्यावर पाहते तो घरातल्या कपाटात एकही मराठी पुस्तक नाही. पोथ्या होत्या, पण त्या लाल फडक्यात बांधून देवाजवळ. बाकी सगळे कागद उर्दूतले. मनात म्हटलं, कुठं येऊन पडले मी.

सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. ते कचेरीत पेशकार होते. पेशकाराचं काम म्हणजे आलेले अर्ज, हुकूम, तक्रारी साहेबापुढं मोठ्यानं वाचून दाखवायच्या. त्यात मामंजींचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांचं उर्दू वाचन ऐकायला दुसऱ्या खोल्यांतली माणसं दारात येऊन उभी राहायची, असं सासूबाई सांगायच्या. घाईघाईत लिहिलेली, नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळलेली, कोंबडीच्या पायांसारखी अक्षरंसुद्धा ते घडाघडा वाचायचे. शब्दाचा नुसता आकार पाहायचा, पुढचं काय असणार ते अंदाजानं धरायचं आणि थांबायचं नाही, अशी त्या वाचनाची रीत. तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं.

मग कचेरीत हुकूम आला की यापुढं कारभार मराठीतून. होळीच्या आधी बाहेरून एक साहेब येणार, एकेका कारकुनाला समोर बसवून मराठी कागद वाचायला लावणार. ज्याला वाचता येईल तो आपल्या जागी राहील. ज्याला येणार नाही त्याची रवानगी दफ्तरखान्यात, म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेल्या मागच्या खोलीत.

मामंजी घरात मराठीच बोलायचे. संध्या, स्तोत्रं तोंडपाठ. पण बाळबोध अक्षरं वाचायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. अक्षरं ओळखायची, एवढंच. घ आणि ध समोर आले की ते चष्मा पुसायचे. "साल बी बदललं, जबान बी बदलली," ते सासूबाईंना म्हणायचे. "आता या उमरीत आमी अंकलिपी घेऊन बसावं का?"

एक अंकलिपी त्यांनी आणलीही होती. मला ती पंचांगाच्या खाली सापडली. आंबा, आगगाडी, इजार असली चित्रं. ती पुढं धरून बसायची त्यांची छाती झाली नाही. माझे यजमान झरीला शाळामास्तर होते आणि शनिवारी घरी यायचे. त्यांनी शिकवतो म्हटलं, तर मामंजी म्हणाले, "पोरानं बापाला पाढे पढवायचे?" विषय तिथंच मिटला.

त्यातच माझी पहिली संक्रांत आली. भाऊ माहेरचं वाण घेऊन आला. काळी साडी, हलव्याचे दागिने, तिळाचे लाडू आणि सुतळीनं बांधलेला पुस्तकांचा एक गठ्ठा. भाऊ गावच्या वाचनालयात होता. वर्षाच्या सुरुवातीला तिथं जीर्ण झालेली पुस्तकं यादीतून काढून टाकायचे, आणि सगळ्यांत आधी जीर्ण व्हायच्या त्या रहस्यकादंबऱ्या. कुणाला पुठ्ठा नाही, कुणावर चहाचा गोल डाग, कुणाचे कोपरे दुमडून दुमडून गळून पडलेले. मला त्या गठ्ठ्यापुढं हलव्याच्या दागिन्यांचं काही वाटलं नाही. नव्या नवरीनं असं म्हणू नये, पण खरं ते खरं.

गठ्ठा आधी मामंजींनी सोडला. एक पुस्तक उघडून ते बराच वेळ उभे राहिले. अक्षर मोठं होतं, वाक्यं आखूड होती, आणि पहिल्याच पानावर एका बंगल्यात प्रेत पडलेलं होतं. त्यांनी पान उलटलं. मग आणखी एक उलटलं. मग खुर्चीत बसले.

त्या दिवसांत सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. जे काही सांगायचं ते सासूबाईंना उद्देशून, दाराआडच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. त्या दिवशी संध्याकाळी मामंजी सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईला विचारा, आमी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं तर तिला आतून ध्यान देता येईल का? चूक झाली तर तिनं सांगावं. पण तोंडानं सांगणं ठीक दिसणार नाही."

तोंडानं सांगायचं नाही, तर कशानं? तोड सासूबाईंनी काढली. त्या वालूरच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, पण डोकं तल्लख. त्यांनी माझ्या हातात पितळेची पळी दिली आणि समोर रिकामं तपेलं पालथं घातलं. "चुकले की वाजव. त्येला काय लागतंय."

गठ्ठ्यात एका कादंबरीचा पहिला भाग दोनदा आला होता. लोकांच्या फार उड्या पडायच्या म्हणून वाचनालयानं दोन प्रती ठेवल्या होत्या आणि दोन्हींचा चोथा झाला होता. एक प्रत मामंजींनी घेतली, एक मला मिळाली. दुसऱ्या भागाची मात्र एकच प्रत होती. ती आणि बाकीची पुस्तकं मामंजींनी आपल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. कचेरीतला नियम त्यांनी घरातही लावला. एक मिसल, म्हणजे एका प्रकरणाचे कागद, निकाली निघाल्याशिवाय दुसरी उघडायची नाही.

रोज दिवेलागणीला ते ओसरीवर कंदिलाजवळ बसायचे. मी आत चुलीपाशी, मांडीवर पुस्तक, एक बोट ओळीवर आणि उजव्या हातात पळी. पुस्तकात असायचं, 'त्याने हळूच दार उघडले.' मामंजी वाचायचे, "त्याने हळूच दरवाजा खोलला." मी पळी वाजवायची. ते थांबायचे, घसा साफ करायचे आणि तो अख्खा परिच्छेद पहिल्यापासून सुरू करायचे. मी काही तसं सांगितलं नव्हतं. हा दंड त्यांनीच स्वतःला लावून घेतला होता. एका परिच्छेदावर पाच-पाच वेळा पळी वाजायची. पन्नाशीला टेकलेला माणूस, बायको भाकरी थापत ऐकतेय, सून तपेलं बडवतेय, आणि तो न चिडता परत पहिल्या शब्दावर जातोय. आज आठवलं की मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं. तेव्हा मात्र मला जांभया यायच्या.

कारण पहिला भाग मी दोन दुपारींत वाचून संपवला होता. त्याच्या शेवटच्या पानावर पोलीस अंमलदार घाटातल्या बंगल्यात शिरतो, पांघरूण घेऊन झोपलेल्या माणसाच्या तोंडावरून ते ओढतो, कंदील वर धरतो आणि म्हणतो, "तुम्ही?" बस. पहिला भाग समाप्त. तुम्ही म्हणजे कोण, ते मामंजींच्या पेटीत. मला भाजीत मीठ घालायचं भान राहिना. दळताना तेच, पाणी भरताना तेच. वकील, मेहुणा, की तो बागेतला लंगडा माळी? आणि मामंजी रोज तीन पानं वाचणार, तीही पळीच्या मेहरबानीनं.

एका संध्याकाळी दूध उतू गेलं. मी पुस्तक बाजूला टाकून पातेलं उतरवलं, ओटा पुसला, हात भाजला तो पाण्यात धरला. तेवढ्या वेळात मामंजी पुढं निघून गेले. पळी वाजली नाही म्हणून थांबले नाहीत, आणि थांबले नाहीत म्हणून जुनी लय सापडली. भरभर, सुरात, अगदी पेशकारासारखे वाचत गेले. आठ पानं झाली. जेवायला बसले तेव्हा चेहरा असा खुलला होता की मी आल्यापासून तसा पाहिला नव्हता.

"आज पळी एकदाच वाजली," ते सासूबाईंना म्हणाले. "जमायलंय म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी बोट ओळीवर ठेवलं. ते वाचत होते त्यातला तिसरा-चौथा शब्द त्यांच्या पदरचा होता. 'घाबरला' असेल तिथं 'डरला', 'संशय' असेल तिथं 'शक'. आकार पाहायचा आणि अंदाज धरायचा, तीच जुनी रीत. गोष्टीत अंदाज खपून जातो. खुनी पळतोय हे कळलं की पुढचा शब्द काय असणार ते कुणालाही सांगता येतं. मी मनाशी म्हटलं, अर्थ तर तोच आहे, कशाला टोकायचं. पळी मांडीवरच राहिली. त्या दिवशी नऊ पानं झाली.

मी स्वतःची समजूत घातली की त्यांचा आनंद मोडू नये म्हणून मी गप्प आहे. ते खोटं होतं. मला दुसरा भाग हवा होता. अगदीच अर्थाचा अनर्थ झाला तर एखाद्दुसऱ्यांदा पळी वाजवायची, म्हणजे संशय यायला नको, एवढी हुशारी मी त्या कादंबऱ्यांतूनच शिकले होते.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं, पण कान होते. भाकरी तव्यावर टाकता टाकता एकदा त्यांनी विचारलं, "आजकाल लय कमी वाजवायलीस गं. चुकत न्हाईत का ते?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि भाकरी उलटली.

पहिला भाग परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी संपला. "तुम्ही?" हा शेवटचा शब्द मामंजींनी असा उच्चारला की सासूबाईंचेही हात थांबले. सकाळी ते आंघोळ करून, देवाला नमस्कार करून काळी शेरवानी चढवून निघाले. निघण्याआधी पेटी उघडली आणि दुसरा भाग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आणून ठेवला.

"सूनबाईला म्हणावं, मेहनत तिची आहे," ते सासूबाईंना म्हणाले. "आमी नंतर वाचू. हा भाग आधी तिनं वाचावा."

मी दाराआडून वाकून नमस्कार केला आणि ते कोपऱ्यावर वळायच्या आत पुस्तक उघडलं.

दिवसभर मी दुसरं काही केलं नाही. सासूबाईंनी एकटीनं स्वयंपाक उरकला. उन्हं कलायच्या आतच मामंजी परत आले. एरवी त्यांच्या जोड्यांचा आवाज वेशीपासून ओळखू यायचा, त्या दिवशी ते ओसरीवर बसल्यावरच कळलं. माझी बारा-तेरा पानं उरली होती. मी बोट पानात घालून पुस्तक मिटलं.

सासूबाईंनी पाणी दिलं. ते पाणी न पिता सांगायला लागले. साहेबानं एक नोटीस वाचायला दिली होती. आठवड्याचा बाजार जुन्याच जागी भरवायला परवानगी आहे, असा मजकूर. मामंजींनी पहिली ओळ वाचली, बाजार म्हटल्यावर पुढं काय असणार ते तीस वर्षांच्या सवयीनं धरलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, बाजार भरवण्यास मनाई आहे. साहेबानं परत वाचायला लावलं. परत तेच. मग साहेब शब्दाशब्दाला टोकत गेला. दारात माणसं जमली होती, पूर्वी जमायची तशीच. कुणीतरी म्हणालं, पेशकारांनी बाजार उठवला. सगळे हसले. साहेबही हसला. तो वाईट माणूस नव्हता, मामंजी म्हणाले, पण हसू कुणाला आवरतं.

मग ते पाणी प्यायले. शेवटी आतल्या दिशेला तोंड करून, पण सासूबाईंनाच म्हणाले, "सूनबाईला म्हणावं, मनाला लावून घेऊ नको. कसूर आमचा आहे."

मी तेव्हा बाहेर जायला हवं होतं. रीत मोडून, पदर सावरून, समोर उभं राहून सांगायला हवं होतं. मी चुलीपाशी बसून राहिले. रडले, ते खरं. पण त्यानंतर जे केलं ते मला आजही बोलवत नाही, म्हणून लिहिते. सासूबाई त्यांच्याजवळ ओसरीवर बसल्या होत्या. आत मी एकटी होते. डोळे पुसले, पानात बोट होतंच, तिथून पुढची बारा-तेरा पानं वाचली. खुनी वकील निघाला.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पळी खुंटीवर नव्हती. सासूबाईंनी ती फडताळात मागं टाकली होती. त्या विषयावर त्या माझ्याशी पुढं कधीच बोलल्या नाहीत.

मामंजींची उरलेली नोकरी दफ्तरखान्यात गेली. संध्याकाळी घरी यायचे तर भुवयांवर धूळ असायची. मोठ्यानं वाचणं त्यांनी सोडलं, उर्दूसुद्धा. दर संक्रांतीला माझ्या भावाचा गठ्ठा यायचा आणि ते स्वतः सुतळी न सोडता तो उंबऱ्याशी ठेवायचे. "हे सूनबाईचं," म्हणायचे. मी वाचायची. तीही माझी निर्लज्जता म्हणा. पुस्तकं परत पाठवावीत असं एकदाही मनात आलं नाही.

मुंबईपासून परभणीपर्यंत एकच महाराष्ट्र झाला, त्याच्या आसपासच्या जानेवारीतली गोष्ट. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मधे बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून आम्ही दोघं आता समोरासमोर बोलायचो. दुपारी ते अंगणात उन्हाला बसले होते, मी तीळ निवडत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्या घाटातल्या बंगल्यात शेवटी कोण निघाला?"

माझे हात थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी तो भाग उघडला नव्हता. मी म्हणाले, "वकील."

"आमचा शक त्याच्यावरच होता," ते म्हणाले आणि समाधानानं हसले. थोड्या वेळानं म्हणाले, "पळी का थांबली ते आमाला साहेबासमोर बसल्या बसल्याच समजलं."

मी तिळाचं ताट खाली ठेवलं. मला वाटलं, आता हे बोलून टाकणार, आणि मनात कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं.

"ज्या चुका साहेब टोकायलाय त्याच घरी रोज होत असणार, अन् पळी चूप. विचार केला. मग ध्यानात आलं. सासऱ्याला दर ओळीला चूक म्हणायचं, तुला जड गेलं. तू लिहाज केलास, आमचा मान राखलास. आमी तवाच हिला सांगितलं होतं, असा लिहाज करणारी सून नशिबानं मिळती. व्याह्यांना सांगितलं, झरीला पावण्यांत सांगितलं. नोकरी काय, आज ना उद्या जायचीच होती."

हिला म्हणजे सासूबाईंना. त्यांनी ते ऐकून घेतलं होतं. पळी माझ्या मांडीवर कशी पडून होती आणि दुसरा भाग हातात येताच मी कशी वाचत सुटले, हे सगळं पाहिलेल्या त्या बाईनं नवऱ्याला त्याचा समज घेऊन राहू दिलं. त्याच्यासाठीच राहू दिलं असणार.

मामंजी माझ्याकडं तोंड करून बसले होते. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नव्हता. सांगायला याहून सोपी वेळ मला कधी मिळणार नव्हती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "चहा ठेवू का?"

"ठेव," ते म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. दिवसांना जमलेल्या नातेवाइकांत माझ्या लिहाजाची गोष्ट दोनदा सांगितली गेली. एकीनं आपल्या नव्या सुनेला मुद्दाम माझ्या पाया पडायला लावलं. मी तिला आशीर्वाद दिला.

यंदाही जानेवारीत पुस्तक घेतलंय. निम्मं झालं. काल सून चहा ठेवायला आली, पदरानं हात पुसत उभी राहिली आणि तिनं विचारलं, कोण निघाला हो शेवटी? मी म्हणाले, संपू तर दे. संपलं की दर वर्षीसारखं पुस्तकातलंच नाव सांगेन, माझं नाही.